नियम क्रमांक चार रद्द होणेबाबत

प्रति,
मा. विशेष कार्यासन अधिकारी (संकीर्ण परवाने),
दोन जिल्हे समन्वय कक्ष,
सातारा.

विषय : जेट विमानाच्या मोठ्या नमुन्यास उड्डाणाची परवानगी नाकारणारा नियम क्र. ४ रद्द होणेबाबत, व सदर नियम लिहिणाऱ्याच्या पात्रतेबाबत अपील.

संदर्भ : आपले पत्र जा. क्र. संकीर्ण/३१७/९८, दि. ९ नोव्हेंबर १९९८.

महोदय,

१. मी जालिंदर सखाराम बनसोडे, वय अडुसष्ट, राहणार पलूस, जि. सांगली, हायस्कुलातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त. प्रथम खुलासा करतो की हे अपील माझे नाही. ते माझे शेजारी श्री. लालासाहेब यशवंत सूर्यवंशी यांचे आहे. लालासाहेब हवाई दलात इंजिन फिटर होते व बत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. त्यांचा हात यंत्रावर चालतो, कागदावर चालत नाही. म्हणून त्यांचे सर्व अर्ज मी लिहितो. उसाच्या नोंदीपासून पेन्शनच्या दाखल्यापर्यंत मी लिहिलेला त्यांचा एकही अर्ज आजवर फेटाळला गेला नव्हता. हा पहिलाच होय.

२. ज्या यंत्राविषयी हा पत्रव्यवहार चालू आहे ते लढाऊ जेट विमानाच्या एक चतुर्थांश आकाराचे आहे. लांबी चौदा फूट, पंखांचा पसारा नऊ फूट, वजन रॉकेल न भरता एकेचाळीस किलो. आत माणूस बसत नाही. परंतु बसू शकेल असे पाहणाऱ्यास वाटते, आणि सगळ्या अडचणी तेथूनच सुरू होतात. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातील रिमोटवर ते चालते. आतील दोन्ही जेट इंजिने लालासाहेबांनी स्वतः घडवली आहेत. ट्रकच्या टर्बोचार्जरचे चाक, लहान गॅस सिलिंडरचे कवच आणि सहा वर्षे एवढे साहित्य त्यांस लागले. त्यांच्या पत्नी सौ. अंबूबाई यांचे म्हणणे असे की, "त्या सांगाड्याला जेवढा रंग फासला तेवढ्यात घराच्या भिंती दोनदा झाल्या असत्या." हे म्हणणे मी हिशेब करून पाहिलेले नाही, पण घराच्या भिंती पाहिल्या आहेत.

३. अशा यंत्राचा व्यवहारात उपयोग काय, असे आपल्या छापील नमुन्यातील रकाना सातमध्ये विचारले होते. मी तेथे तीन वेळा लिहिले व तीन वेळा खोडले. 'शैक्षणिक' असे लिहिले, पण त्यातून कोण काय शिकणार हे सुचले नाही. 'शेतीस औषध फवारणी' असे लिहिले, पण ताशी दोनशे किलोमीटर वेगाने जाणारे यंत्र कोणाच्या शेतावर काय फवारणार? शेवटी लालासाहेबांना विचारले. ते म्हणाले, "उपेग? उडतंय की नाय ते बघायचंय, आणि काय उपेग?" मी रकान्यात 'चाचणी' असे लिहिले. ते सत्य आहे, परंतु अपुरे आहे, असे मला तेव्हाही वाटले होते.

४. जागेविषयी. पलूस भागात ऊस, द्राक्षाचे मांडव व विजेच्या तारा असल्याने तेथे असे काही उडवणे शक्य नाही. वडूजजवळ श्री. नाथाजी यांचे माळरान आहे. तेथे बैलगाड्यांच्या शर्यतींसाठी चारशे मीटरची सरळ धाव केलेली आहे, व वर्षातले पाच दिवस सोडून ती मोकळी असते. नाथाजींनी तोंडी संमती दिली आहे. मात्र यंत्र सांगली जिल्ह्यात व माळरान सातारा जिल्ह्यात. एकीकडे सांगितले गेले की ते उडेल तेथे अर्ज करा. दुसरीकडे सांगितले गेले की ते आता जेथे उभे आहे तेथे करा. दोन्ही जिल्ह्यांत पाय असलेला आपला कक्ष आम्हांस चौथ्या महिन्यात सापडला.

५. आपल्या संदर्भीय पत्राने परवानगी नाकारली गेली. पत्रात कारण असे दिले आहे : 'तज्ज्ञांनी तयार केलेल्या नियमावलीतील नियम क्र. ४ अन्वये वीस किलोंवरील नमुना उडवू नये, अशी स्पष्ट तरतूद असल्याने विनंती मान्य करता येत नाही.' लालासाहेबांनी हे पत्र मला वाचावयास लावले, पुन्हा एकदा लावले, आणि नंतर अपील लिहिण्यास सांगितले. अपिलातील मुद्दे त्यांनी स्वतः सांगितले. ते त्यांच्याच शब्दांत देतो, व प्रत्येक मुद्द्यापुढे माझी पडताळणी जोडतो.

(अ) "लिवा मास्तर, ह्या तज्ज्ञानं जन्मात एक नट आवळला नसंल." हा मुद्दा वस्तुस्थितीस धरून आहे. सदर तज्ज्ञाच्या सायकलची चेन पडली तरी तो सायकल हातात धरून घरी येतो.

(आ) "ह्यानं चालू जेट लांबनं तरी बघितलंय का, तेवढं इचारा." सदर तज्ज्ञाने चालू जेट एकदा अगदी जवळून पाहिले आहे, परंतु त्या वेळी त्याचे डोळे मिटलेले होते.

(इ) "पुस्तकात नाक खुपसून बसलेलं कायतरी असणार. म्हंजे मास्तर, तुमची गोष्ट निराळी." यातील दुसरे वाक्य लिहून घेण्यासाठी नव्हते. तथापि ते वगळणे मला योग्य वाटले नाही.

(ई) "आणि एवढा मोठा तज्ज्ञ हाय तर खाली नाव का घालत न्हाई? मागनं दगड मारून पळायची ही कुठली रीत?" हा मुद्दा लिहून घेताना मी पेन खाली ठेवले. 'काय झालं' असे त्यांनी विचारल्यावर मी शाई संपल्याचे सांगितले. शाई संपलेली नव्हती.

६. सदर तज्ज्ञाविषयी मला इतकी माहिती कशी, असा प्रश्न आपणास पडला असेल. सदर तज्ज्ञ मीच आहे.

७. हे कसे घडले ते सविस्तर सांगणे भाग आहे. सप्टेंबर महिन्यात मी अर्जाची चौकशी करण्यास आपल्या कार्यालयात आलो होतो. लालासाहेब त्या दिवशी सोबत नव्हते. कार्यासनावरील लिपिक श्री. नानासो यांनी मला बसावयास खुर्ची दिली. हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण कार्यालयांत मला सहसा खुर्ची मिळत नाही व मिळाली की माझा विरोध मावळतो. ते म्हणाले, "आवं मास्तर, खेळणं असतं तर परवाना लागला नसता. खरंखुरं विमान असतं तर आमच्याकडं आलं नसतं. तुमचं मधलंच कायतरी हाय, म्हणून ते संकीर्ण. आणि संकीर्णात ह्याचा नियमच न्हाई. मग परवानगी तरी कशाखाली देऊ आणि मनाई तरी कशाखाली करू?" मी म्हणालो, खरे आहे. ते म्हणाले, "तुमी वाचणारं माणूस. नियम तुमीच लिवून आणा. सायबांनी सही केली की झाला नियम." त्यात श्री. नानासो यांचा काही दोष नाही. मदत करावी हाच त्यांचा हेतू होता. त्या दिवशी मला चहाही देण्यात आला.

८. मी तो मसुदा एकोणीस दिवस लिहीत होतो. पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळालेली, परदेशातील छंदी मंडळींनी छापलेली एक पुस्तिका माझ्याकडे आहे. ती शब्दकोश घेऊन वाचली. माणसे व जनावरे किती अंतरावर असावीत, वाळूच्या बादल्या किती, रिमोटचा संदेश तुटल्यास इंजिन आपोआप बंद कसे व्हावे, हे सर्व मी आपल्या भागास लागू पडेल असे लिहिले. बैलांसाठी स्वतंत्र नियम केला, कारण पुस्तिकेत बैलांचा विचारच नव्हता. हे काम करताना मला आनंद झाला, हे लपवणे बरोबर होणार नाही. चाळीस वर्षे मी दुसऱ्यांनी लिहिलेल्या पुस्तकांना क्रमांक घातले. स्वतः लिहिलेल्या वाक्यांना क्रमांक घालण्याची ती पहिलीच वेळ. लालासाहेबांना मी काही सांगितले नाही. परवानगी हातात आली की सांगावे, असा विचार होता. त्यांना आश्चर्य वाटले असते.

९. मसुद्याचे तीन नियम लिहून झाले असता मध्येच दसरा आला. त्या दिवशी नाथाजींच्या माळावर यंत्र फक्त जमिनीवर पळवून पाहण्याचे ठरले होते. आदल्या दिवशी खंडेनवमीला अंबूबाईंनी रिवाजाप्रमाणे घरातील पाना-हातोडा, पाण्याचे इंजिन व सदर जेट यांची पूजा करून झेंडूच्या माळा घातल्या होत्या. टेम्पोतून उतरवल्यावर त्या माळा काढण्याचे काम लालासाहेबांनी माझ्यावर सोपवले. नाकावरची माळ मी काढली. डाव्या बाजूस, जेथून इंजिन हवा ओढते तेथे दुसरी माळ होती. ती काढू लागलो तेव्हा अंबूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की मास्तर, सणाचं हाय. एका माळंनं काय हुतंय?" सणाच्या दिवशी घरच्या लक्ष्मीला नाही कसे म्हणावे, हे मला कळेना. मी ती राहू दिली, आणि लालासाहेबांनी विचारले तेव्हा 'सगळे काढले' असे सांगितले.

१०. इंजिने सुरू झाली. यंत्र शंभर पावले सरळ गेले व त्याची चाके वीतभर सुटली. (ही वीतभर हालचाल उड्डाणात मोडते काय, याबाबत आपले मार्गदर्शन व्हावे. मोडत असल्यास ते विनापरवाना झाले आहे.) त्याच क्षणी डाव्या इंजिनाने माळ आत ओढली व ते बंद पडले. पाठीमागून झेंडूच्या पाकळ्यांचा लोट बाहेर पडला. शर्यतीचे मैदान असल्याने गावातील शेदीडशे माणसे जमली होती. त्यांस ही योजनाच आहे असे वाटून त्यांनी टाळ्या वाजवल्या. उजवे इंजिन मात्र ढकलतच राहिले, त्यामुळे यंत्र डावीकडे वळले व कडब्याच्या गंजीकडे आले. गंजीपुढे मी उभा होतो. पळावे असे माझ्या मनात आले, पण कोणत्या बाजूस हे ठरेना. मी डोळे मिटले. लालासाहेबांनी रिमोटवर उजवे इंजिन बंद केले व यंत्र माझ्यापासून बारा फुटांवर थांबले. अंतर नंतर मीच मोजले. घरी येताना लालासाहेब एकच वाक्य बोलले : "काढलेली माळ वाऱ्यानं उलटी आली असणार, माझंच ध्यान न्हवतं." मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

११. नियम क्र. ४ मी दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिला. पुस्तिकेत मूळ वाक्य असे आहे : 'वीस किलोंवरील नमुना, जाणकार तपासनिसाने तपासून लेखी मान्यता दिल्याखेरीज, उडवू नये.' मी लिहिले : 'वीस किलोंवरील नमुना उडवू नये.' मधले शब्द मी गाळले. त्या वेळी मी स्वतःला कारण असे दिले की सातारा-सांगलीत असा तपासनीस कोठे आहे? जी अट कोणालाच पुरी करता येणार नाही ती लिहिणे फसवणूक होईल. हे कारण मला इतके पटले की मी त्यावर आठ दिवस विसंबलो. पण लालासाहेबांचे यंत्र एकेचाळीस किलो भरते, हे मला माहीत होते. बेदाण्याच्या अडतीत ते काट्यावर चढवले तेव्हा आकडा मीच वहीत टिपला होता. खरे असे आहे, महोदय, की मी भ्यालो होतो. माझ्या स्वतःसाठी भ्यालो की त्या जमलेल्या माणसांसाठी, हे मी अजून वेगळे करू शकलेलो नाही. मित्रापुढे उभे राहून 'हे उडवू नका' असे म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही, म्हणून मी ते शासनाकडून वदवून घेतले.

१२. आणखी एक. माझ्या आधी आमच्या घरात कोणी पुस्तक हातात धरलेले नव्हते. छापलेल्या वाक्याविषयी मला अजूनही असा आदर वाटतो की ते खोटे असेल हे चटकन ध्यानात येत नाही. आपले पत्र वाचताना 'तज्ज्ञांनी तयार केलेल्या' हे शब्द आले, तेव्हा क्षणभर मलाही वाटले की कोणी तरी मोठ्या माणसाने विचारपूर्वक केलेला नियम असेल. सबब या नियमास आपल्या कार्यालयाने मान दिला, यात नवल नाही. मीही दिला होता.

१३. आता जे लिहू नये असे लालासाहेबांनी बजावले आहे ते लिहितो. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार आहे. मिरजेच्या डॉक्टरांनी नजरेस गुढीपाडव्यापर्यंतची मुदत सांगितली आहे. हवेतील नमुना आपल्याकडे येतो आहे की दूर जातो आहे, हे नजरेनेच ओळखावे लागते. त्यांना आजमितीस दोनशे पावलांपर्यंत ओळखता येते, गणपतीत तीनशेपर्यंत येत होते. मी हे अर्जात घालू का असे विचारले असता ते म्हणाले, "डोळ्याचं लिवायचं न्हाई. दया नको, परवानगी पायजे." सदर बाब परवानगीच्या बाजूने जाते की विरुद्ध, हे मला ठरवता आलेले नाही. आपण ठरवावे. त्यांनी योजना अशी केली आहे की मी शेजारी उभे राहून नाक कोणीकडे आहे ते सांगावे. परंतु मला डावे-उजवे ठरवण्यास दोन सेकंद लागतात, आणि तेवढ्यात सदर यंत्र दीडशे पावले गेलेले असेल.

१४. वरील परिस्थितीत विनंती अशी की :

नियम क्र. ४ हा कोणत्याही तज्ज्ञाने केलेला नसून, नट न आवळलेल्या, डोळे मिटलेल्या व माळ न काढलेल्या इसमाने केलेला आहे, सबब तो रद्द व्हावा.

आपल्या अभिलेखात जेथे जेथे 'तज्ज्ञ' असा शब्द आला असेल तेथे माझे पूर्ण नाव घालावे.

निर्णय पाडव्यापूर्वी, व शक्य तर डिसेंबरअखेर द्यावा.

अपीलकर्त्याच्या वतीने एवढेच मागावयाचे आहे. माझ्या स्वतःच्या वतीने विचाराल, तर नियम बरोबर होता की चूक होता हे मला समजत नाही. तो ज्या रीतीने केला ती रीत मात्र चूक होती, एवढे समजते.

१५. या अपिलावर लालासाहेबांची सही आवश्यक आहे. त्यांना आता बारीक अक्षर लागत नाही. "मास्तर, तुमी वाचून दाखवा, मी सही ठोकतो," असे त्यांनी सांगितले आहे. त्यांना वाचून दाखवण्यापुरता दुसरा एक सौम्य मसुदा करावा व सही या कागदावर घ्यावी, असा विचार माझ्या मनात आला होता. तसा मसुदा मी केलाही होता. तो आज सकाळी चुलीत घातला आहे. दुपारी हाच वाचणार आहे. खालची जागा कोरी राहिल्यास सदर अपील मागे घेतले असे समजू नये. ते माझे एकट्याचे, माझ्याविरुद्धचे आहे असे समजून निकालात काढावे, ही विनंती.

आपला वेळ घेतल्याबद्दल संकोच वाटतो.

आपला नम्र,
जालिंदर सखाराम बनसोडे
(सेवानिवृत्त ग्रंथपाल)
पलूस, दि. २७ नोव्हेंबर १९९८, शुक्रवार

सोबत : १) संदर्भीय पत्राची प्रत. २) नियमावलीचा माझ्या हस्ताक्षरातील कच्चा मसुदा, नियम क्र. ४ मधील खाडाखोडीसह. ३) अडतीतील वजनाची चिठ्ठी. ४) परदेशी पुस्तिकेतील पान व माझे भाषांतर, या वेळी पूर्ण.

अपीलकर्त्याचा शेरा (स्वहस्ते) :

मास्तरांनी सगळं वाचून दाखवलं. मुद्दा सहाला त्यांनी कागद खाली ठेवला, तवा पाणी दिलं आणि पुढं वाचा म्हटलं. पुढं वाचलं.

नियम ४ मला मान्य हाय. रद्द करू नये. ४१ किलोचं यंत्र कुणी न तपासता उडवत असता तर मीच त्याला आडवा गेलो असतो. फक्त गाळलेलं शब्द परत घालावं, आणि तपासनीस म्हणून जालिंदर सखाराम बनसोडे यांचं नाव लिवावं. त्यांना यंत्रातलं काय कळत न्हाई हे खरं हाय. बत्तीस वर्षांत मी लय तपासनीस बघितलं, सगळं कळणारं. पटापट सह्या करायचं. भ्यालेला एकबी न्हवता. हा माणूस सही करंल तवाच विमान सुटंल. न्हाई केली तर सुटणार न्हाई, आणि मी कारण इचारणार न्हाई.

डोळ्याचं लिवू नका म्हटलं हुतं. लिवलंच.

तपासणी सोमवारी सकाळी नऊ वाजता आमच्या शेडवर. हे त्यांना कार्यालयामार्फत कळवावं, कारण सोमवारपर्यंत मी त्यांच्याशी बोलणार न्हाई.

लालासाहेब यशवंत सूर्यवंशी
वॉरंट ऑफिसर (निवृत्त)